म्हस पुढं कुणाची?

सबिना बागवान नक्की काय काम करते, हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. वडील चमनभाई कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत फळं विकत. कुणी विचारलंच तर ‘पोरगी कॉम्प्युटरवर असते’ एवढं म्हणून ते पुढच्या गिऱ्हाइकाची पपई तोलायला लागत. आई मेहमुदा जरा पुढं जाऊन सांगे, की आमची सबिना खेळ तपासते. मग शेजारीण विचारी, तपासते म्हणजे काय करते? आणि तिथं मेहमुदाचं बोलणं संपे.

राजारामपुरीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर धैर्यशील देसाईनं मोबाईलवरचे खेळ बनवायची छोटी कंपनी काढली होती. तो मूळचा आजऱ्याचा. कोड तो लिही, दोघंजण चित्रं काढत, आणि सबिना तयार झालेला खेळ मोडून बघे. कुठं अडकतो, कुठं बंद पडतो, कुठल्या फोनवर तापतो ते शोधायचं आणि धैर्यशीलसमोर मांडायचं. पॉलिटेक्निक झाल्यावर ती काही दिवस पुण्यात नोकरीला होती. तिथं काम होतं, पण ‘असं का होतं’ हे विचारायची सोय नव्हती, म्हणून ती परत आली. न कळलेली गोष्ट तिला चपलेत शिरलेल्या खड्यासारखी टोचत राही. जेवताना, बसमध्ये, बोलता बोलता ती मध्येच गप्प होई आणि मेहमुदा ओळखे, की पोरीचं काहीतरी अडलंय.

कंपनीचा चालणारा खेळ एकच होता, ‘रेडकू’. दिवाळीत कोल्हापुरात म्हशी पळवतात तसाच. पुढं मोटारसायकल, मागं म्हैस. मोटारसायकल आपण चालवायची. फार दामटली तर म्हैस मागं पडते, जपून चालवली तर दुसरा पुढं जातो. ज्याची म्हैस पांढरी रेघ आधी ओलांडेल तो जिंकला. आपापल्या घरात बसून चार गावची माणसं एकाच रस्त्यावर म्हशी पळवू शकत. धैर्यशीलला वाटलं होतं हा खेळ कॉलेजची पोरं खेळतील. पोरं खेळत होतीच, पण म्हशी राखणारी, धारा काढणारी मोठी माणसंही त्यात उतरली, आणि त्यांची भांडणंही मोठी होती.

बनाबाईचा पहिला फोन आला तो अशाच एका दुपारी. कागलच्या बनाबाई गवळी. आवाज एवढा खडा, की सबिनानं फोन कानापासून लांब धरला.

“तुमच्या खेळात चोरी हाय,” बनाबाई म्हणाली. “माझी म्हस रेघंवर पोचलेली असती, आणि आक्काची म्हस मागनं उडी मारून पुढं जाती. म्हस उडी मारती व्हय कुठं?”

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण, शाहूवाडीकडच्या मलकापुरात दिलेली. दोघींचा जन्म कोल्हापुरातल्या गवळी गल्लीतला. वडील गणपतराव, या दोघींचे आबा, दरसाल म्हशी पळवायचे. वर्षभर वैरण घालायची, अंग चोळायचं, शिंगं रंगवायची ती या बहिणींनी, आणि पळवायच्या दिवशी दोघी माडीच्या खिडकीत. आता फोनवर का होईना, पुढची मोटारसायकल आपल्या हातात आली म्हणून दोघी रोज दुपारी कामं उरकून शर्यत लावत. पण त्या उडीपायी भांडणं लागली. बनाबाईनं फोन केला तेव्हा त्यांचं बोलणं बंद पडायच्या बेतात आलं होतं.

सबिनानं नेहमीप्रमाणं विचारलं, नेट कसं आहे. बनाबाईच्या घरी सरळ फायबरची लाईन होती. हायवेच्या कडेचं गाव, सगळं कसं लखलखीत. सबिनानं इथून तपासून बघितलं. फोनपासून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात. बनाबाईचा पिंग सबिनाच्या ऑफिसपेक्षाही चांगला होता. वाटेत निरोप गळत नव्हते. फोन नवा होता, तापत नव्हता. तरी तिनं बनाबाईला चित्रं हलकी करायला लावली. मग खेळ काढून पुन्हा टाकायला लावला. म्हैस उडी मारतच राहिली.

मग तिला वाटलं, संध्याकाळी सर्व्हरवर गर्दी होत असेल. पण बनाबाई दुपारी खेळायची, आणि दुपारी सर्व्हर पेंगत असायचा. मग वाटलं, नव्या आवृत्तीत काही बिघडलंय. तिनं जुनी आवृत्ती चालवून बघितली, तिथंही तेच. दरम्यान कोल्हापुरातून, इचलकरंजीतून तशाच तक्रारी येऊ लागल्या. सगळ्या चांगल्या नेटवाल्यांच्या. आणि शाहूवाडीकडची, डोंगरातली मंडळी, ज्यांच्याकडं रेंज येते-जाते, त्यांची एकही तक्रार नव्हती. सबिनानं हे दोनदा पडताळलं. तिला वाटलं, आपणच यादी उलटी वाचतोय. ज्याला रस्ता चांगला तो म्हणतो खड्डे आहेत, आणि ज्याच्या वाटेत खड्डे तो म्हणतो सगळं गुळगुळीत.

तिनं धैर्यशीलला हे सांगितलं. त्यानं मान वर न करता सांगितलं, की चांगल्या नेटवाल्यांना हरायची सवय नसते, म्हणून ते ओरडतात. सबिनाला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना.

तिथं तिच्या हातून एक चूक झाली. बनाबाईनं पुन्हा फोन केल्यावर काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून ती म्हणून गेली, “मावशी, तुमचं सगळं नीट आहे. तुमच्या बहिणीचं नेट खराब आहे, त्यामुळं होत असेल.” अर्धवट कळलेली गोष्ट तिनं अर्धवटच सांगितली. बनाबाईनं तिचा वेगळाच अर्थ घेतला. खराब नेटवाली जिंकते आणि चांगल्या नेटवाली हरते, म्हणजे नेट खराब करण्यातच काहीतरी मेख आहे. आक्का मुद्दाम करते. तिनं त्याच दिवशी मलकापूरला फोन लावला आणि बहिणीला नको ते बोलली. तू आबांना पण अशीच फसवायचीस, असं बोलली. आक्कानं फोन ठेवला तो ठेवलाच.

हे सबिनाला नंतर कळलं. त्याआधी तिलाही तोच संशय आला होता. काही खेळाडू असं करतात खरं. रेघ जवळ आली की क्षणभर नेट तोडायचं, समोरच्याचा पडदा गोंधळवायचा, आणि पुन्हा जोडून पुढं निसटायचं. आक्काचं खातं तिनं उघडून बघितलं. नेट सतत तुटक. जिंकण्याचं प्रमाण भरपूर. धैर्यशीलनं ते बघितलं आणि खातं बंद करून टाकू म्हणाला. सबिनानं त्याला थांबवलं. थांबवलं ते आक्कावर विश्वास होता म्हणून नाही. शाहूवाडीकडची इतकी माणसं एकाच वेळी एकच लबाडी शिकली असतील, हे तिच्या डोक्यात बसेना.

ती आधी कागलला गेली. बनाबाईचं घर गावाबाहेरच्या बाजूला, दारात सिमेंटचा गोठा, चार म्हशी रवंथ करत बसलेल्या. बनाबाई पन्नाशीची, अंगानं भरलेली, पदर खोचलेला. तिनं सबिनाला पाटावर बसवलं, पेलाभर दूध हातात दिलं आणि ते संपेपर्यंत कामाचं काही बोलू दिलं नाही. मग भिंतीला टेकून बसली आणि अनोळखी कुणाशी तरी शर्यत लावली. तो समोरचा आंबा घाटाकडचा निघाला.

सबिना तिच्या खांद्यावरून बघत होती. बनाबाई झकास चालवत होती. वळणावर गाडी हळू करायची, म्हैस जवळ आली की हळूच सोडायची. रेघ दिसू लागली तेव्हा तिची म्हैस स्पष्ट पुढं होती. तिनं रेघ ओलांडली. आणि ओलांडल्यावर, मागं असलेली ती दुसरी म्हैस एकदम नाहीशी झाली आणि पुढं उगवली. वर पाटी आली: दुसरा क्रमांक.

“बघितलंस?” बनाबाई म्हणाली. “आता सांग, मी खोटं बोलतो व्हय?”

सबिनानं बघितलं होतं. आजवर तिनं ऐकलं होतं, आता डोळ्यांसमोर झालं, आणि त्यामुळं काही सोपं होण्याऐवजी ती जास्तच बुचकळ्यात पडली. परत येताना बसच्या खिडकीला डोकं टेकून ती तेच पुन्हा पुन्हा आठवत होती. म्हैस रेघेच्या अलीकडं होती. मग पलीकडं होती. मधली जागा तिनं पार केलीच नव्हती.

नंतर ती मलकापूरला गेली. रत्नागिरी रोडनं बस जशी वर सरकत गेली तशी तिच्या फोनवरची रेंजच्या काड्या एकेक करून गळत गेल्या. आक्काचं घर उतारावर, मागं झाडी. आक्का बनाबाईहून बरीच थोरली, सुकलेली, कमी बोलणारी. कोल्हापूरहून कोणी कंपनीवाली आली म्हटल्यावर तिनं आधी सुनेला आत पाठवलं आणि मग दारातच विचारलं, की बनीनं धाडलंय का.

सबिना म्हणाली, मी माझी आले. मला बघायचंय तुम्ही कशा खेळता.

घरात रेंज नव्हती. आक्का गोठ्याच्या पायरीवर जाऊन बसली, कारण तिथंच काय ती लागे. फोन मांडीवर, चष्मा नाकावर. सबिना तिच्या बोटांकडं बघत राहिली. नेट तोडण्याचं बटण, फोनची कुठली चलाखी, काही नाही. एक अंगठा गाडीवर, दुसरा हॉर्नवर. मध्येच रेंज जाई, पण आक्काच्या पडद्यावर तिची म्हैस सुतासारखी सरळ पळत राही. ती सगळ्यांच्या पुढं रेघेवर पोचली. पाटी आली: पहिला क्रमांक. कुठं उडी नाही, काही नाही.

“आता ह्यात म्या काय फसवलं?” आक्कानं चष्मा काढला. “बनी लहानपणापास्नं अशीच. हरली की तोंड फुगवायची. ते चालतंय. पण आबांचं नाव काढलं तिनं.”

सबिनाला तिथं बसवेना. आपण फोनवर सहज टाकलेलं वाक्य इथं येऊन असं पडलंय, हे तिला तेव्हा समजलं. तिनं आक्काला सांगून टाकलं, की बनाबाईंना तुमच्या नेटचं मी बोलले होते, आणि ते अर्धवट बोलले. आक्कानं तिच्याकडं बघितलं आणि चहा टाकायला सुनेला हाक मारली. माफ केलं की नाही, ते काही सबिनाला कळलं नाही.

आता दोघींची शर्यत एकाच वेळी दोन्हीकडून बघितल्याशिवाय इलाज नव्हता. बनाबाईला ते पटवायला सबिनाला बरंच तोंड वाजवावं लागलं. शेवटी बनाबाई म्हणाली, “तिच्याशी बोलणार न्हाय. पण म्हस पळवीन.” आक्का ठरलेल्या दुपारी गोठ्याच्या पायरीवर येऊन बसली, तोच तिचा होकार.

सबिना मलकापुरात आक्काशेजारी बसली, धैर्यशील कागलला बनाबाईशेजारी. जायला तो तयार नव्हता, पण सबिना म्हणाली, सर, तुम्ही एकदा तरी खेळणाऱ्याच्या शेजारी बसून बघा. दोघांनी दोन्ही पडद्यांची चित्रफीत घेतली. शर्यत झाली. आक्का जिंकली. फोनवर सबिनाला कागलहून बनाबाईचा चढलेला आवाज ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या. सुरुवातीचा झेंडा पडतो तिथं दोन्ही जुळवल्या आणि सोडल्या. कागलच्या पडद्यावर बनाबाईची म्हैस पुढं. मलकापूरच्या पडद्यावर आक्काची म्हैस पुढं. पहिल्या वळणापासूनच असं. एका पडद्यावर जी म्हैस झाडापाशी पोचली होती, ती दुसऱ्या पडद्यावर अजून देवळापाशी होती. रेघेवर बनाबाई पहिली. रेघेवर आक्का पहिली. सबिनानं पुन्हा लावलं. मग हळू करून लावलं. मग तिला वाटलं, झेंडाच चुकीचा जुळवलाय, म्हणून वेगळ्या ठिकाणी जुळवून लावलं. दोघी पहिल्याच.

“सर, मग शर्यत कुठली खरी?” तिनं विचारलं.

धैर्यशीलनं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं, कारण त्यातलं काही तोही विसरून गेला होता.

आपली म्हैस आपल्याच फोनमध्ये पळते, म्हणून ती लगेच पुढं सरकते. समोरच्याची खबर मात्र मुंबईला जाऊन मग आपल्याकडं येते. तोवर ती शिळी झालेली असते. म्हणून ज्याला त्याला दुसरा नेहमी थोडा मागं दिसतो. एवढं तर सबिनाला ठाऊक होतं. पण नेट चांगलं असलेल्या आणि खराब असलेल्या दोन माणसांत निकाल कुणी लावायचा? सर्व्हरनं. आणि सर्व्हरनं खराब नेटवाल्याचा निरोप उशिरा आला तर काय करायचं?

तिथंच मेख होती. खेळ पहिल्यांदा बनवला तेव्हा धैर्यशीलनं तो आजऱ्याला आपल्या घरी, आपल्या जुन्या मित्रांना खेळायला दिला होता. तिकडं नेट असं, की एकजणही जिंकेना. कोल्हापूरचं कुणीही यावं आणि त्यांना धुऊन जावं. मित्र हिरमुसले. तेव्हा त्यानं सर्व्हरला सांगून ठेवलं, की निरोप उशिरा आला तरी तो निघाला कधी ते बघ, आणि त्या वेळेला म्हैस जिथं होती तिथं तिला धर. म्हणजे वाटेतला उशीर माफ. त्यानं त्याला मर्यादा घातली नव्हती. कितीही उशीर असो, माफ.

“म्हणजे बनाबाई रेघेवर पोचतात, सर्व्हर त्यांना पहिलं धरतो,” सबिना सावकाश बोलत होती, स्वतःलाच समजावल्यासारखी, “आणि मग आक्कांचा निरोप येतो, की मी त्याआधीच पोचले होते. आणि सर्व्हर ते मानतो.”

“मानतो, कारण ते खरंच असतं,” धैर्यशील म्हणाला. “तिच्या फोनात ती त्याआधी पोचलेली असते.”

“आणि बनाबाईंच्या फोनात?”

“त्यांच्या फोनात त्या.”

कोडं सुटलं होतं. सबिनाला वाटलं होतं, सुटलं की बरं वाटेल. पण तिला उलट आणखी अडकल्यासारखं झालं. बिघाड म्हणून ती जे शोधत होती तो बिघाड नव्हताच. धैर्यशीलनं आपल्या गावच्या पोरांसाठी केलेली सोय होती ती, आणि तीच कागलकराच्या डोळ्यांना चोरी दिसत होती. त्या दिवशी घरी जेवताना मेहमुदानं विचारलं, सापडलं का गं तुझं? सबिना म्हणाली, सापडलं. मग हातातला घास तसाच धरून म्हणाली, पण काय सापडलं ते कळत नाही.

कागलला जाऊन बनाबाईला सांगणं हे तिनं स्वतःवर घेतलं. दोन्ही चित्रफिती दाखवल्या. बनाबाईनं आधी आपली बघितली, मग आक्काची. मग दोन्ही पुन्हा बघायला मागितल्या. बाहेर म्हैस हंबरली तरी ती उठली नाही.

“म्हंजे आक्का खोटं बोलली न्हाय,” ती म्हणाली.

“नाही, मावशी.”

“आणि मी बी न्हाय.”

“तुम्ही पण नाही.”

“मग खरं पुढं कोण हुतं?”

मुंबईच्या सर्व्हरला विचारलं तर आक्का. निरोप आधी कुणाचा पोचला हे विचारलं तर बनाबाई. झेंडासुद्धा दोन फोनांवर एकाच क्षणी पडत नव्हता, आणि दोघींच्या शेजारी उभं राहून एकाच डोळ्यानं बघणारं तर कुणीच नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “मावशी, मला नाही सांगता येत.”

बनाबाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दोघींपैकी एकीनं लबाडी केली असती तर तिला सोपं गेलं असतं, असं सबिनाला वाटून गेलं. लबाडी केली असती तर बोललेलं तरी जागेवर राहिलं असतं. आता आबांचं नाव काढलेलं तेवढं शिल्लक राहिलं होतं, आणि त्याला काही आधार उरला नव्हता. बनाबाई उठून गोठ्यात गेली आणि बराच वेळ म्हशीला पाणी दाखवत राहिली.

इकडं धैर्यशीलनं मर्यादा घातली. थोडा उशीर माफ, जास्त झाला तर नाही. कोल्हापूर-कागलच्या तक्रारी थांबल्या, आणि त्याच आठवड्यात शाहूवाडीकडून, आजऱ्याकडून फोन सुरू झाले, की आमची म्हैस पळता पळता मागं ओढली जाते. धैर्यशीलच्या गावच्या मित्रानं तर त्याला घरी फोन करून सुनावलं. मग धैर्यशीलनं दुसरा उपाय केला. चांगल्या नेटवाल्यांची जोडी चांगल्यांशी लावायची, खराबांची खराबांशी. सबिनाला हे पटलं. तिनं तपासून बघितलं, सगळं सुरळीत चाललं होतं. दोन दिवस ऑफिसात कुणाचा फोन आला नाही.

मग फोन आला. बनाबाईचा. पण ती एकटी नव्हती. त्याच कॉलवर मलकापूरहून आक्का होती.

दोघी एकदमच बोलत होत्या, त्यामुळं सबिनाला आधी काहीच कळेना. हळूहळू उलगडलं ते असं. शर्यतीत म्हैस मागं खेचली जाते म्हणून वैतागून आक्कानंच बनाबाईला फोन केला होता, तुझी बी तशीच जाती काय म्हणून विचारायला. आबांचा विषय कुणीच काढला नाही. बनाबाई म्हणाली, लावून बघू की. आणि दोघी लावायला गेल्या तर खेळ त्यांची जोडीच लावेना. मलकापूरवाली मलकापूरकडच्यांशी, कागलवाली कागलकडच्यांशी.

“भणी-भणीत वाटण्या करायला तुमाला कुणी सांगितलं?” आक्का म्हणाली. एरवी कमी बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिचं बोलणं बनाबाईच्या वर जात होतं. आणि बनाबाई मागून प्रत्येक वाक्याला ‘व्हय, सांग तिला’ म्हणून टेकू देत होती. कितीतरी दिवस बंद असलेलं बोलणं दोघींनी असं सुरू केलं होतं, दोघी मिळून तिसरीला झापत. आपल्याला वाईट वाटतंय की बरं, हे सबिनाला ठरवता येईना.

शेवटी सबिनानंच सुचवलं, की ओळखीच्या माणसांना आपापली वेगळी शर्यत लावू द्या. त्यात जोडी त्यांची त्यांनी ठरवावी, आणि उशीर किती माफ करायचा तेही ज्यानं शर्यत मांडली त्यानं ठरवावं. धैर्यशील म्हणाला, लोकांना ते कळणार नाही. सबिना म्हणाली, आपल्याला तरी कुठं कळलंय. ते तयार व्हायला दिवस गेले, त्यात पुन्हा काहीतरी बिघडलं, पुन्हा दुरुस्त झालं. पण झालं.

बनाबाईनं तिला बोलावून घेतलं आणि ती नवी शर्यत मांडायला लावली. पडद्यावर एक पट्टी होती, डावीकडं सरकवली की उशीर अजिबात माफ नाही, उजवीकडं सरकवली की सगळा माफ. सबिनानं समजावून सांगितलं. डावीकडं ठेवलं तर तुम्ही बहुतेक वेळा जिंकाल, उजवीकडं ठेवलं तर आक्का.

बनाबाईनं बोट पट्टीवर ठेवलं. थोडं डावीकडं नेलं. मग उजवीकडं नेलं. मग पुन्हा मध्ये आणलं आणि सबिनाकडं बघितलं.

“बरोबर कुठं हाय गं?”

“मावशी, तसं बरोबर असं काही नाही. तुम्हाला वाटेल तिथं ठेवा.”

“आक्काला हे दिसतंय?”

“नाही. ज्यानं मांडली त्यालाच दिसतं.”

बनाबाईनं पट्टी आणखी थोडी उजवीकडं सरकवली. फार नाही. किती सरकवली हे तिनं बघितलं नाही, सबिनानंही विचारलं नाही. मग ती म्हणाली, रोज एकदा मी मांडीन, एकदा ती मांडेल. ती कुठं ठेवते ते आपल्याला कळणार नाही, आणि आपण कुठं ठेवतो ते तिला. तिनं आक्काला फोन लावला आणि मोठ्या आवाजात बोलावलं. शर्यत सुरू झाली. रेघ आली तेव्हा बनाबाईची म्हैस पुढं होती, मग नव्हती, मग पुन्हा होती, आणि पाटीवर पहिलं नाव कुणाचं आलं ते सबिनाला बनाबाईच्या अंगठ्याआड दिसलं नाही. फोनमधून आक्का हसत होती. बनाबाईही हसत होती, आणि कोण जिंकलं हे दोघींपैकी कुणीच बोलून दाखवत नव्हतं.

कागलहून परतताना बसमध्ये सबिनाच्या फोनवर आजऱ्याच्या कुणाची तरी नवी तक्रार आली होती, की पाऊस पडायला लागला की म्हैस आडवी पळते. तिनं ती दोनदा वाचली. पावसाचा आणि म्हशीचा काय संबंध, तिला सुचेना. टॉवरवर पाणी पडत असेल. की ओल्या हातानं पडद्याला बोट लागत असेल. की तिथली वीज जात असेल. ती खिडकीबाहेर बघत विचार करत राहिली, आणि शेजारी बसलेल्या बाईंनी ‘पोरी, तुझा स्टॉप गेला की’ म्हणून हलवलं तेव्हा बस कावळा नाक्याच्या पुढं आली होती.